निदान

तिसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडे, औषध दुकानाच्या वर
माझी खोली. खिडकी नाही. पंखा आहे,
पण तो कागद उडवतो म्हणून बंद असतो.
इथं मी माणसांचे आकडे करते.
काविळीला आकडा आहे, मोडलेल्या मनगटाला आहे,
कुठल्या हाताचं, पहिल्यांदा की परत, त्यालाही आहे.
कुत्रा चावला तर एक, बैलानं ढुसणी दिली तर दुसरा.
बारा वर्षं झाली. आता लग्नाच्या पंगतीत
शेजारी कुणी खोकलं की बोटं ताटाखाली हलतात.

मष्णू बिर्जे, वय बावन्न, उचगाव.
उद्यमबागेत फाउंड्रीवर साचे भरतो.
जानेवारीपासून सातवी खेप.
ईसीजी चांगला. इको चांगला.
पट्ट्यावर पळवला, पळाला.
रक्त, साखर, थायरॉइड,
सगळी प्रार्थनेला उभ्या पोरांसारखी रांगेत.
डॉक्टर हिरेमठ फाइल मिटतात, नर्सला म्हणतात,
एनू इल्ल.
मग त्याच्याकडं बघून मराठीत, काही नाही.
दोन भाषांत काही नाही ऐकून
तो जिना उतरतो, आणि बिलाच्या खिडकीशी न जाता
माझ्या दारात.

"मॅडम, धडधडूलालंय की. आत्ता बी."
बसा म्हटलं.
बसला, खुर्चीच्या कडेवर, बस सुटेल अशा बेतानं.
मग सांगितलं, जे फाइलीत नव्हतं.
राचप्पा. पंधरा वर्षं एकाच भट्टीवर दोघं.
संक्रांतीच्या आदल्या दिवशी चा घेऊलालता.
"गलास हातात तसाच. सांडला बी न्हाई."

हे कुठल्या रकान्यात घालू?
फॉर्म कानडीत आहे, खाली इंग्रजी,
राचप्पाचा ग्लास दोन्हींत मावत नाही.

त्याच्यासाठी आकडा एकच उरतो,
झेड एकाहत्तर पॉइंट एक.
विमा कंपनीला तो आवडत नाही. क्लेम परत येतो,
उपचाराची गरज दिसत नाही असा शेरा घेऊन.
किल्लेदार सर दोनदा सांगून गेलेत,
छातीत दुखणं लिहा, चालून जातं, काय बिघडतं?
बिघडत काहीच नाही.
दुखतही नाही पण त्याला. मी विचारलं होतं.
"दुखत न्हाई. दुखंल म्हणून भ्या वाटतंय."

"निदान नाव तरी सांगा," म्हणाला,
"घरात इचारतात. बायकू म्हणते, काय झालंय तुला?
मी म्हणतो, काय न्हाई ते झालंय."

स्क्रीन वळवायची नसते. वळवली.
वाचून दाखवलं, अडखळत, जमेल तसं मराठी करत:
आजाराची भीती वाटणारी व्यक्ती.
निदान झालेले नाही.

त्याचे ओठ हलले. परत वाचा म्हणाला.
परत वाचलं.
"हे माझ्यासाठी छापलंय?"
नाही हो. पुस्तकातलं आहे. जगभर तेच चालतं.
"पुस्तकात?"
बराच वेळ भिंतीवरच्या लाल नळकांड्याकडं बघत राहिला.
"म्हणजे नंबर पडण्याइतकी माणसं हाईत."

मी कुठं मोजलीत.
बोटांनी मोजली असतील.
शहापूरची ती शिक्षिका, जिला रोज नवी गाठ सापडे.
खानापूरचा लाइनमन, विजेच्या खांबावर निर्धास्त,
पाण्याचा घोट मात्र थांबून थांबून गिळणारा.
आणि मागच्या मंगळवारी रात्री, मोरीतल्या दिव्याखाली,
तीन बोटं गळ्यावर ठेवून मी,
मिनिटभर,
मग आणखी एक मिनिट.
ते कुणी नोंदवलं नाही.

त्यानं आकडा तळहातावर लिहून घेतला.
भेगांत काळी वाळू, शाई धरेना. दोनदा गिरवला.
दाराशी थांबून, "कवा बंद करतासा?"
साडेपाचला.
"मग बुधवारी येतो. तपासायला नव्हं."

क्लेम मी तसाच पाठवलाय.
परत येईल.
तोही, बहुतेक बुधवारीच.